छातीत दुखतंय? सकाळ होण्याची वाट पाहू नका

घोडबंदर रोडवरच्या मानपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळा इथल्या प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे.

मागे एकदा सकाळी नऊला एक काका दवाखान्यात आले. "पहाटे तीनपासून छाती जड झालीय. गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला, सोडा घेतला. रात्री कशाला सगळ्यांना उठवायचं?" ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता आणि सहा तास निघून गेले होते. त्यानंतर ऐन ऑफिसच्या गर्दीत माजिवड्याकडे जाणारी रुग्णवाहिका. काका वाचले, पण आता एक जिना चढताना दोनदा थांबतात.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. मेट्रोचं काम, खड्डे, गायमुखचा घाट, यात किती वेळ जाईल ते आपल्या हातात नाही. म्हणून घरातली पाच मिनिटंसुद्धा वाया घालवू नका.

लक्षणं ओळखा: छातीवर दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, दरदरून घाम. मधुमेह असणाऱ्यांना आणि बायकांना कधी नुसताच दम लागतो, मळमळतं. आमच्या आया-बहिणी तर स्वयंपाक उरकूनच सांगतात! असं काही झालं की लगेच १०८ लावा. स्वतः गाडी चालवत निघू नका. वॉचमनला गेट उघडून लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगा.

गाडी चालवणाऱ्यांनो, जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईला निघालेली एक जखमी महिला घोडबंदर रोडच्या दुरुस्तीमुळे महामार्गावर झालेल्या कोंडीत अडकली आणि दगावली. सायरन ऐकून बाजूला न झाल्यास कायद्याने १०,००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी नको, आतल्या माणसासाठी बाजूला व्हा. उलट्या दिशेने गाडी घालू नका. रुग्णवाहिकेला उरलेली वाट तिथेच बंद होते.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, ते शोधा. रस्त्याच्या आपल्याच बाजूला आहे की पुढच्या यू-टर्नवरून वळून यावं लागतं, तेही बघा. त्याचा नंबर, चालू गोळ्यांची नावं आणि जुना ईसीजी फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

– कासारवडवलीतील तुमचा फॅमिली डॉक्टर