यंत्रं आली, त्यांना कामाला लावणार कोण?

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी तालुक्यात जवळपास प्रत्येक मोबाइलवर एक गोष्ट उघडी असते, ती म्हणजे हवामानाचा अंदाज. पाऊस येणार का, यावर फवारणी ठरते, खुडा ठरतो आणि वणीतल्या कितीतरी घरांचं वर्षाचं गणितही ठरतं. कॉलेजची फी त्यातच आली. अंदाज चुकला की आपण वैतागतो, पण तो बनतो कसा हे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांनी तरी विचारायला हवं.

मे २०२५मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीच्या पद्धतीत नकाशावरचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, आता तो ६ किलोमीटरचा झाला. चौकोन निम्मा केला की त्यांची संख्या चौपट होते. शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम साधारण आठपट वाढतं! त्यासाठी २०२४मध्ये 'अर्का' हा महासंगणक आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून जास्त आकडेमोडी.

पण नुसतं यंत्र आणून भागत नाही. महासंगणक म्हणजे एकच अचाट वेगवान प्रोसेसर नव्हे, तर एकत्र राबणारे हजारो प्रोसेसर. साध्या पद्धतीनं लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर चालवला तर एकजण काम करणार आणि बाकीचे बघत बसणार. कामाची वाटणी कशी करायची, हे प्रोग्रॅममध्ये सांगावं लागतं.

बागेतच बघा ना. खुड्याला वीस माणसं लावली, पण वजनकाटा एकच आहे. मग काट्यापाशी क्रेट साचणारच. एकूण कामाचा दहावा भाग काट्यावरच होत असेल, तर शंभर माणसं आणली तरी काम दहापटीहून जास्त वेगानं होणार नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला नियम तो हाच. दुसरा घोळ वहीचा. दोघांनी एकाच वेळी वहीत '४०' वाचलं, दोघांनी एकेक क्रेट मिळवून '४१' लिहिलं. आले दोन, नोंद झाली एकाची. समांतर प्रोग्रॅममधली ही चूक शोधताना भलेभले रडकुंडीला येतात.

आता मुद्दा भाषेचा. हवामानाची बरीचशी मॉडेल्स आजही फोरट्रानमध्ये आहेत. ही भाषा १९५७ची, एका प्रोसेसरच्या जमान्यातली. लाखो ओळींचा तपासलेला कोड फेकून देणं परवडत नाही, म्हणून भाषेलाच नव्या यंत्राशी जुळवून घेतलं गेलं. १९९४मध्ये एमपीआय आलं, त्यामुळे वेगवेगळे प्रोसेसर एकमेकांना निरोप धाडू लागले. १९९७मध्ये ओपनएमपी आलं. आता लूपच्या वर एक सूचना लिहिली की काम अनेक कोअरवर वाटलं जातं. पुढे फोरट्रान २००८मध्ये तर समांतर कामाची सोय थेट भाषेतच आली. 'फोरट्रान मेली' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हा धडा महाराष्ट्रात पूर्वीच गिरवून झालाय. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर बाहेरून आणलेले होते. पण ते एकदिलानं चालावेत म्हणून 'पारस' ही प्रोग्रॅमिंगची व्यवस्था आपल्याच लोकांनी रचली. चिप विकत मिळते, ती राबवायची अक्कल विकत मिळत नाही.

आज यंत्रांचा तुटवडा पूर्वीइतका नाही. २०१५च्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. 'परम रुद्र' मालिकेतला एक संगणक तर जीएमआरटीच्या खगोल संशोधनासाठी आहे, आणि जीएमआरटी आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावजवळ! तुटवडा आहे तो त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांचा. आपण मात्र 'प्लेसमेंटला काय चालतं' एवढंच बघून भाषा निवडतो, परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो. अभ्यासक्रमातही समांतर प्रोग्रॅमिंग बहुतेक वेळा शेवटच्या युनिटात, ऑप्शनला टाकण्याजोगं.

यासाठी पुण्याला जायची किंवा कॉलेजनं महासंगणक घ्यायची वाट बघायची गरज नाही. प्रोसेसरचा घड्याळी वेग २००५च्या सुमारास जवळपास थांबला, तेव्हापासून कोअरच वाढताहेत. तुमच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ कोअर असतात. जीसीसी आणि जीफोरट्रान फुकट मिळतात, ओपनएमपी त्यांच्यासोबतच येतं. दोन मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार लिहा. एका कोअरवर किती वेळ लागतो, चारवर किती, ते मोजा. वेळ चौथाई का झाला नाही, हे शोधायला लागलात की खरा अभ्यास सुरू झाला. शिक्षकांनीही हे एक प्रॅक्टिकल जर्नलमध्ये घालावं, त्याला वेगळा निधी लागत नाही.

अंदाजाचा चौकोन उद्या आणखी लहान व्हायला हवा, आपल्या शिवारापर्यंत यायला हवा. अवकाळीनं काय होतं, हे ज्यांनी घरात बघितलंय, त्यांच्यातल्या काहींनी तरी तो कोड लिहायला बसावं. गरज ज्याची, त्याच्याइतकी घाई दुसऱ्या कुणाला असणार?