फांदी कापणं सोपं, उतरवणं अवघड: मोठ्या झाडांचं क्रेन-गणित

मे 2025 मध्ये कल्याण पूर्वेत वादळी पावसात एक झाड रिक्षावर कोसळलं आणि चालकासह तिघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर चर्चा ठरलेली असते: पावसाळ्याआधी छाटणी का झाली नाही, परवानगी कुठे अडली? प्रश्न रास्तच आहेत. पण माझ्या मते आणखी एक प्रश्न राहून जातो. परवानगी मिळाली, क्रेनही आली; आता दोन इमारतींच्या फटीतली, खाली गाड्या आणि शेजारी विजेच्या तारा असलेली जाड फांदी खाली आणायची कशी?

आधी वजन

ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याइतकं, म्हणजे घनमीटरला 1,000 किलो धरतात. 40 सेंटीमीटर व्यासाची, 5 मीटर लांबीची फांदी साधारण 630 किलो भरते. वर पालवी आणि पावसाचं पाणी वेगळं. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं: 80 सेंटीमीटरला अडीच टन! नजरेचा अंदाज फसतो तो इथेच.

‘14 टनांची हायड्रा’ म्हणजे काय?

14 टन हा आकडा बूम आखडलेला आणि भार क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा आहे. बूम जसजसा लांब जातो, तसतशी क्षमता झपाट्याने घसरते. रस्त्यावर उभं राहून कुंपणापलीकडची फांदी उचलायची तर 14 नव्हे, त्या अंतराला भार-तक्त्यात जो आकडा दिलाय तोच खरा. हा तक्ता क्रेनच्या केबिनमध्ये असायला हवा. शिवाय बहुतेक हायड्रांना बाजूला पसरणारे जॅक नसतात, तोल चाकांवरच. जॅकवाली ट्रक-क्रेन आणली तरी तो जॅक गटाराच्या झाकणावर टेकवला तर व्यर्थ.

बेल्ट कुठे बांधायचा?

फांदीचा तोल मध्यावर नसतो. बुंध्याकडे जाडी, टोकाकडे पालवीचा पसारा. एकच बेल्ट चुकीच्या जागी बसला तर कापताक्षणी फांदी गर्रकन फिरते आणि तिच्या वाटेत कापणारा असतो. म्हणून दोन बेल्ट लावतात, तेही त्यांच्यातला कोन पाहून. कोन 60 अंश असेल तर प्रत्येक बेल्टवर वजनाच्या सुमारे 58 टक्के ताण येतो. 120 अंश झाला तर प्रत्येकावर अख्खं वजन! फांदीला फास घालून बांधलं की बेल्टची क्षमता आणखी कमी होते, हेही धरावं लागतं. फांदी भिंतीवर जाऊ नये म्हणून टोकाला एक मोकळा दोर बांधून तो खाली, लांब उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देतात.

कापायच्या आधीचा ताण

सगळ्यात नाजूक भाग हा. कापण्यापूर्वी क्रेनने फांदीच्या अंदाजी वजनाइतका ताण घ्यायचा असतो. जास्त घेतला तर फांदी सुटताच वर उसळते, कमी घेतला तर आधी खाली कोसळते आणि मग बेल्ट ताणला जातो. 600 किलोची फांदी 1 मीटर पडून पुढच्या पाव मीटरमध्ये थांबली, तर त्या थांबण्यात सरासरी 3 टनांचा ओढा येतो. त्यामुळे जाणकार खलाशी फांदी एकदम तोडत नाहीत. दोन बाजूंनी थोड्या वर-खाली खाचा घेऊन कापणारा बाजूला होतो, मग क्रेन हळूच ओढून उरलेलं लाकूड मोडते.

मग अडतं कुठे?

ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार प्रत्येक उचल सक्षम व्यक्तीने आखलेली असावी लागते. आपल्याकडे 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा झाड तोडावं की नाही हे सांगतो, 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना हेरिटेज दर्जाही दिला. हे हवंच. पण त्या कायद्याचा रोख झाडाच्या रक्षणाकडे आहे, झाडावर चढलेल्या माणसाच्या नाही. छाटणीचं काम बहुधा ठेक्यावर दिलं जातं. वर चढणारा मजूर रोजंदारीवर असेल, तर ‘आज नको’ म्हणणं त्याला परवडत नाही.

म्हणून पालिकेने परवानगीसोबत एक पानी उचल-आराखडा मागावा, असं मला वाटतं. तोपर्यंत सोसायटीच्या कमिटीने ठेकेदाराला एवढं तरी विचारावं:

- सगळ्यात जड तुकडा किती किलोचा, आणि त्या अंतरावर क्रेनची क्षमता किती?
- बेल्टवर क्षमतेचं लेबल आहे का, कुठे फाटलाय का?
- महावितरणने तारांचा पुरवठा बंद केलाय का?
- इशारे देणारा एकच माणूस कोण? आणि वारा वाढला तर काम कोण थांबवणार?

उत्तर ‘होईल हो, रोजचंच काम आहे’ असं आलं, तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नका. धोक्याची फांदी असेल तर खालचा रस्ता बंद करा, गाड्या हलवा आणि आराखडा घेऊन येणाऱ्यालाच बोलवा.