व्हेरिटीच्या नावाची पाटी

डिसेंबर 1933 मध्ये आझाद मैदानालगतच्या बॉम्बे जिमखान्यावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथांचे शतक सर्वांना ठाऊक आहे. त्याच सामन्यात इंग्लंडकडून डावखुरी फिरकी टाकणारा हेडली व्हेरिटी मात्र क्वचितच आठवतो. क्रिकेट हीच त्याची रोजीरोटी. यॉर्कशायरसाठी 1932 मध्ये एका डावात 10 धावांत 10 बळी! युद्ध पेटल्यावर तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत गेला, कॅप्टन झाला. जुलै 1943 मध्ये सिसिलीत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि 31 जुलैला इटलीत, कासेर्ता इथे वारला. वय अवघे 38.

तो राज्यकर्त्यांच्या फौजेतला, हे खरे. पण लढाई फॅसिझमविरुद्ध होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच इटलीत माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे लढता लढता पडले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. अशा मरणात आपला-परका करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

जिमखान्यापाशी व्हेरिटीच्या नावाची साधी पाटी लागावी. ती लावायला शिवाजी पार्कवर डावखुरी फिरकी शिकणाऱ्या पोरांना बोलवावे.