गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा

उतारवयात चष्मा कुठे ठेवला हे कोणीही विसरतो. पण चष्मा कशासाठी असतो हेच कळेनासे झाले, तर तो स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. अशा माणसाला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून घरात बसवून ठेवू नये.

आमच्या एका गिरणी कामगार मित्राला हा आजार आहे. मुलगा-सून कामावर जातात, म्हणून दवाखान्यात आम्ही सोबत जातो. मागच्या खेपेला सूनबाईंना सांगितले, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या निघाल्या. दोन डॉक्टरांनी झोपेचे एकच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने दिले होते. आमचे मित्र दोन्ही गोळ्या घेत होते!

डॉक्टर आमच्याशीच बोलू लागले. आम्ही म्हटले, “साहेब, आधी यांनाच विचारा.” मित्र हळूच म्हणाले, “सकाळी डोकं जड होतं, चक्कर येते.” हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी एक पट्टी बाजूला काढली आणि दुसरी गोळी हळूहळू कशी कमी करायची ते लिहून दिले.

झोपेच्या गोळ्यांनी आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनी अशा रुग्णाचा गोंधळ वाढतो, तोल जातो. स्मृतिभ्रंशावर बऱ्याचदा डोनेपेझिल देतात. त्याने आजार बरा होत नाही. काहींची लक्षणे काही काळ सावरतात. मळमळ, जुलाब, भोवळ असा त्रास झाल्यास लगेच कळवावे. रुग्ण ओरडतो म्हणून त्याला गप्प करणारी गोळी मागू नये. मनोविकाराच्या काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे. तरीही चालू गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: गोळी कशासाठी? केव्हा घ्यायची? किती दिवस? त्रास झाला तर काय करायचे? उत्तरे केस पेपरच्या मागे लिहून घ्यावीत. गोळ्या घरातल्या एकाच माणसाने मोजून द्याव्यात.

वस्तीतला असा कोणी एकटाच दवाखान्यात जात असेल, तर त्याच्यासोबत जा. अर्ध्या दिवसाची हजेरी बुडेल. पण चुकीच्या गोळीने पडून मोडलेले हाड त्या घराला फार महाग पडते.