दोन भाषा, एकच मोजणी

तुमच्या घरी धाकटे भावंड आहे का? मग त्याला मोजायला शिकवण्याचे काम तुमच्याकडेच येत असेल. 'दोन भाषांत अंक शिकवले तर मूल गोंधळते. आता घरातही मराठीतच मोजा,' असे काही वडीलधारी माणसे म्हणतात. मला हे पटत नाही.

एक, तीन, चार, सात, आठ हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. 'दो'च्या जागी 'दोन' आणि 'छे'च्या जागी 'सहा' शिकायचे. 'उन्नीस' आणि 'एकोणीस' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थही 'एक कमी वीस' असाच आहे.

मोजणे म्हणजे नुसते पाठांतर नव्हे. भावंडासमोर पाच चिंचोके ठेवा. एकेकाला बोट लावून उर्दूत मोजा, मग तेच मराठीत मोजा. शब्द बदलले तरी चिंचोके पाचच राहतात, हे ज्याला कळले त्याचे गणित सुरू झाले. मात्र एका मोजणीत एकच भाषा ठेवा. मराठीत मोजताना मूल चुकून 'दो' म्हणाले, तर हसू नका. त्याची संख्या बरोबरच आहे.

मराठी जरूर शिकवा. पण त्यासाठी अम्मीची गिनती विसरायला लावू नका.