अर्थशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका!
साकोलीत आर्ट्सला अर्थशास्त्र घेतलं की मित्र म्हणतात, ‘चला, गणितातून सुटलास!’ इथंच गडबड होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाची पदवी घ्यायची तर गणित लागतंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात आणि मग याच संस्थेत अर्थशास्त्र शिकले. पण १९१८ साली त्यांनी लिहिलं ते आपल्याकडच्या तुकड्यातुकड्यांच्या शेतीवर. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायला उद्योग वाढवा, असं त्यांचं म्हणणं. आपल्या धानाच्या बांध्या, हमीभाव, बोनस हे प्रश्न आजही समोर आहेत. ते जगापुढे मांडायचे, तर आकड्यांना घाबरून कसं चालेल? विषय बिनधास्त घ्या. गणिताला मात्र सोडचिठ्ठी नको!