नाट्यगृह उभे राहील. रसिकसमाज कोण उभा करणार?

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस, गुरुवारी रात्री, कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस खुद्द केशवरावांच्या जयंतीचा. ज्या रंगमंचावर सकाळी त्यांच्या तसबिरीस हार घालावयाचा, त्याच जागी जळलेल्या तुळयांचा व पत्र्यांचा ढीग पाहण्याची पाळी शहरावर आली. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून वृद्ध नट, पडदे ओढणारे कामगार, तबलजी आणि कधी नाटकाच्या वाटेस न गेलेले सामान्य लोक यांच्या डोळ्यांतून जे अश्रू आले, ते खोटे होते असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या वास्तूने एका शहराची करमणूक केली व त्याचे कान घडविले, तिच्यासाठी रडणे हा त्या शहराचा हक्कच होय. सरकारनेही वास्तू पूर्ववत् उभी करण्याचा आपला निश्चय तत्काळ जाहीर केला. ते योग्यच झाले.

तथापि शोकाचा पहिला भर ओसरल्यावर एक अप्रिय प्रश्न विचारणे आम्हांस भाग आहे. जळाले ते नेमके काय? लाकूड जळाले, पडदे जळाले, खुर्च्या जळाल्या, छप्पर कोसळले. या सर्व वस्तू पैशाने मिळतात, आणि पैसा सरकारपाशी आहे. परंतु त्या रात्री हळहळणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी त्याआधीच्या वर्षात त्या दारातून आत पाऊल टाकले होते? १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या गावोगाव होतात. महिनोन् महिने नोकरी सांभाळून रात्री तालमी केलेली हौशी मंडळी तेथे आपले नाटक करतात. आणि समोर पुष्कळदा बसलेले कोण, तर नटांचे आप्त, पुढच्या दिवशीच्या प्रयोगाची मंडळी आणि परीक्षक! नाट्यगृह एका रात्रीत जळते म्हणून ते दिसते. रसिकसमाज मात्र वर्षानुवर्षे हळूहळू विरत जातो. त्याला बंब बोलावीत नाहीत.

कोल्हापुरास कलापूर हे नाव लोक अभिमानाने देतात, आणि त्याचे सारे श्रेय शाहू महाराजांच्या पदरी घालून मोकळे होतात. महाराजांचे ऋण मोठेच आहे. १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने हे नाट्यगृह त्यांनीच उभे केले. खाँसाहेब अल्लादियाखाँ यांच्यासारखा गवई त्यांच्याच दरबारी राहिला, आणि जन्माने मोठे नसलेल्या केशवराव भोसल्यांच्या गळ्याची किंमत त्यांनीच ओळखली. पण राजाश्रयाने सर्व काही झाले असे जर म्हणावे, तर महाराज १९२२ मध्ये निवर्तल्यावर या शहरातील कला त्यांच्याबरोबरच संपावयास हवी होती. ती संपली नाही. याचे कारण असे की, राजवाड्याबाहेर, पेठांतून आणि दुकानांच्या माडीवर, सामान्य गृहस्थांनी आपापल्या बैठकी घातलेल्या होत्या.

गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. तो कोणा राजाने हुकूम काढून स्थापिला नाही. गाणे ऐकण्याची हौस असलेली मंडळी ठरल्या दिवशी एकत्र जमू लागली, एवढाच त्याचा उगम. अशा बैठकीत ऐकणारा प्रथम फक्त बसतो, मग मान डोलावतो, मग चूक कोठे झाली हे शेजाऱ्यास कुजबुजून सांगतो, आणि दहा वर्षांनी गवई त्याच्याकडे पाहून गाऊ लागतो. मोठा गवई कोठूनही आणता येतो. असा ऐकणारा मात्र गावातच तयार करावा लागतो, आणि त्यास दहा वर्षे लागतात.

दुसरे उदाहरण आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंचे. सुताराच्या घरची ही दोन मुले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळविले. पडद्यावरून चलच्चित्राचे वेड लागले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी हट्ट सोडला नाही, कॅमेरा स्वतः घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. यात आम्हांस बुद्धीचा चमत्कार दिसतो तसाच शेजाराचाही दिसतो. नाटकवाला, चित्रकार, गवई, सुतार आणि लोहार एका गल्लीत रोज एकमेकांस भेटत नसते, तर रंगाचा ब्रश हाती असलेल्या माणसास यंत्र घडविण्याची बुद्धी झाली नसती. आणि पैसा? तो तानीबाई कागलकर या गायिकेने दिला. ज्या काळी गाणाऱ्या बाईस प्रतिष्ठितांच्या ओसरीवर बसावयास पाट मिळत नव्हता, त्या काळी तिने आपल्या गळ्यावर मिळविलेला पैसा दुसऱ्याच्या कलेत घातला. पुढे १९२९ मध्ये याच शहरात ‘प्रभात’ निघाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी सीतारामपंत कुलकर्णी हे व्यवहार जाणणारे गृहस्थ होते. बाकीचे चौघे कारागीर व कलावंत. आमच्या व्यापारी वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. देणगीच्या पाटीवर नाव कोरून घेणारा धनिक आणि नफातोट्यात भागीदार होणारा धनिक यांत महदंतर आहे, व कलेस उपयोग दुसऱ्याचाच अधिक होतो. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली, ही हानी कोल्हापुरास चटका लावून गेली. पण ती गेली तेव्हा मागे शिकलेले हात ठेवून गेली, म्हणूनच येथील चित्रपटधंदा त्यानंतरही तग धरून राहिला.

आता मुद्द्यावर येऊ. नाट्यगृहाच्या पाठीशीच खासबागचे कुस्तीचे मैदान आहे. एकाच राजाने दोन्ही बांधली. त्या मैदानावर कुस्ती पाहावयास हजारो लोक लोटतात. पण खासबागेत कोणी पहिलवान होत नसतो. पहिलवान होतो तो गंगावेशीत, मोतीबागेत, शाहूपुरीत; पहाटे चार वाजता, तांबड्या मातीत, कोणी पाहत नसताना. पेठेपेठेत तालीम आहे म्हणून मैदान भरते. गाण्याच्या व नाटकाच्या शिक्षणासही आपली भाषा तालीम हाच शब्द योजते, आणि तो योग्यच आहे. पण कुस्तीच्या बाबतीत जे साध्या माळकऱ्यास कळते, ते कलेच्या बाबतीत आमच्या शिकलेल्या पुढाऱ्यांस कळू नये, हे नवल होय. आम्ही मैदाने बांधीत सुटलो आहो आणि तालमी ओस पडू देत आहो.

हल्ली प्रत्येक शहरात वर्षातून एकदा ‘महोत्सव’ होतो. तीन दिवस कमानी उभ्या राहतात. मुंबईहून नामांकित कलावंत येतात आणि जमलेल्या निधीचा बहुतेक भाग त्यांच्या बिदागीत व राहण्याच्या व्यवस्थेत जातो. स्थानिक गायकास सायंकाळी साडेपाचची वेळ, वीस मिनिटे आणि एक शाल मिळते. पुढच्या चार रांगा निमंत्रितांसाठी राखलेल्या, व त्या बहुधा रिकाम्या. पाहुण्यांचे सत्कार, सत्काराला उत्तरे, उत्तरांबद्दल आभार, एवढे झाल्यावर गवयाने तंबोरा जुळवावा! चौथ्या दिवशी कमानी उतरतात आणि पुढच्या वर्षापर्यंत शहरात कलेचे नाव कोणी काढीत नाही. मोठ्या उत्सवांचे आम्ही विरोधक नाही. पुण्यात भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ आरंभिलेला सवाई गंधर्व महोत्सव हा महाराष्ट्राचा भूषणभूत सोहळा झाला आहे. पण त्या शहरात त्याच्याआधी कितीतरी वर्षे भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज मुलांना सूर शिकवीत होता, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये घालून दिलेली वसंत व्याख्यानमाला दर उन्हाळ्यात लोकांना शांतपणे ऐकून घेण्याची सवय लावीत होती. ऐकणारा आधी तयार होता. मांडव नंतर पडला.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे, व तो टाळणे आमच्या धोरणास शोभणारे नाही. एकत्र जमणारे हे ‘आपण’ म्हणजे कोण? जुन्या नाटकांच्या जाहिराती काढून पाहा; कुलीन स्त्रियांची जागा वेगळी, इतर स्त्रियांची वेगळी, असे स्वच्छ छापलेले आढळते. आज असे कोणी छापणार नाही. पण ज्या सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक होते तेथे शाहिरास, गोंधळ्यास, वा लावणी गाणाऱ्या बाईस बरोबरीच्या मानाने बोलावणे येते काय? आले तर ‘लोककला’ या शीर्षकाखाली, पाहुणे जेवावयास उठले असतां! अल्लादियाखाँच्या गाण्यावर ज्यांचे कान घडले, त्यांच्याच नातवंडांनी गवयाचा धर्म विचारू लागावे, किंवा तमाशाच्या फडास सभागृह देताना कपाळाला आठ्या घालाव्या, ही कोल्हापुरासच नव्हे तर सर्व महाराष्ट्रास लाजिरवाणी गोष्ट होय. विष्णु दिगंबरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले तेव्हा पुष्कळ जुन्या गवयांनी नाके मुरडली. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकिटे लावून गाणे केले तेव्हाही तेच झाले. परंतु तिकिटाने केलेली सामाजिक क्रांती थोडकी नव्हे. तिकीट विकणारा पैसे मोजून घेतो, कुळ विचारीत नाही. आणि तिकिटावर गाणारी स्त्री कोणा एकाची आश्रित राहत नाही, ती सर्वांची मानकरी होते. म्हणून फुकट पासांची चाल आम्हांस कलेइतकीच समाजसुधारणेसही घातक वाटते. ज्यांस परवडते तेच फुकट जातात, व ज्यास खरोखर ऐकावयाचे असते तो दाराबाहेर राहतो.

कित्येक व्यापारी मित्र आम्हांस विचारतात, ‘हे सारे खरे, पण दुकान सोडून आम्ही यात का पडावे?’ त्यांस आमचे उत्तर भावनेचे नाही. ज्या पेठेत सायंकाळी लोक सहकुटुंब जमतात, त्या पेठेतील दिवे उशिरापर्यंत जळतात. हे त्यांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. अडचणी मात्र खऱ्या आहेत. ध्वनिवर्धकाविषयीच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, व सरकारने सवलत दिली तरी ती वर्षातून पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत. रात्रभर चालणाऱ्या बैठकी त्यामुळे गेल्या म्हणून कोणी हळहळतात. आम्हांस यात तितकेसे दुःख वाटत नाही. शंभर माणसांच्या बैठकीस ध्वनिवर्धक लागतोच कशाला? आणि सात वाजता सुरू होऊन दहास संपणाऱ्या बैठकीस घरच्या स्त्रिया व शाळेतील मुले येऊ शकतात. रात्रभराच्या बैठकीस ती कधीच येत नव्हती.

याहून मोठी अडचण घरचीच आहे. आमच्या वकिलीच्या व्यवसायात कलामंडळांची जी प्रकरणे आली, त्यांतील एकही मंडळ रसिक मिळाले नाहीत म्हणून बुडाले नव्हते. एका मंडळात पंधरा वर्षे हिशेब तपासून घेतले नव्हते. चिटणीस वारले तेव्हा बँकेतील पैसा कोणाच्या सहीने काढावा हेच कोणास सांगता येईना. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा फार जाचक आहे अशी ओरड आम्ही ऐकतो. पण कार्यकारी मंडळ बदलले की नव्वद दिवसांत तसा अर्ज धर्मादाय कचेरीत द्यावा आणि दरसाल तपासलेले हिशेब सादर करावे, यात जाच कोणता? ज्या दुकानदारास रोजमेळ ठेवता येतो, त्यास हे काम डाव्या हातचे आहे. व्यापाऱ्यांनी अशा मंडळांस देणगी देण्यापूर्वी खजिनदारकी द्यावी, असे आम्ही गंभीरपणे सुचवितो.

तेव्हा पूर्ववत् वास्तूवर सर्व भार न टाकता शहराने आपल्या पेठांतून आरंभ करावा. महिन्यातून एक ठरलेली सायंकाळ, तालीम संस्थेची माडी किंवा शाळेचा दिवाणखाना, माणशी अल्प वर्गणी, आणि पहिल्या रांगेत मुले. एका महिन्यास गाणे, दुसऱ्यास शाहिरी, तिसऱ्यास हौशी मंडळाचे एकांकी नाटक. भिंतीवर गावातल्याच चित्रकारांची चित्रे, व ती विकत घेण्याची मुभा. वक्ते नकोत, सत्कार नकोत. कलावंतास ठरलेला मोबदला त्याच रात्री हातावर ठेवावा. सहा महिने लोक थोडे येतील; त्याची चिंता करू नये, पण तारीख चुकवू नये.

महानगरपालिकेकडून मात्र एक गोष्ट आधीच लिहून घेतली पाहिजे. केशवराव भोसले नाट्यगृह तिच्या मालकीचे आहे. नव्या वास्तूच्या भाड्याचे नियम ठरतील तेव्हा, प्रत्येक महिन्याची एक शनिवारची सायंकाळ स्थानिक मंडळ्यांसाठी नाममात्र भाड्याने राखलेली असावी आणि ती कोणत्याही राजकीय मेळाव्यासाठी वा बाहेरगावच्या ठेकेदारासाठी मोडू नये, अशी तरतूद त्यांत शब्दशः घालावी. तोंडी आश्वासन पुरणार नाही. तोंडी आश्वासनांवर चाललेली प्रकरणे आम्ही न्यायालयात पुष्कळ हरलेली पाहिली आहेत. नाट्यमंडळे, देवल क्लब, चित्रकारांच्या संस्था व पेठांतील तालमी यांनी एकाच अर्जावर सह्या करून तो आयुक्तांकडे द्यावा, व पोच घ्यावी. सह्यांत सराफ कट्ट्यावरील निदान दहा दुकानदारांची नावे असल्यास आम्हांस विशेष आनंद होईल.